कायम अठरा

नीलोनं गाडी इथेच ठेवली, कायानीच्या अंगणात,
आणि ताम्पेरेला गेला. कसलंसं गोदाम, रात्रपाळी.
जाताना म्हणाला, "आठवड्यातून दोनदा तरी फिरव, बाबा."

सत्त्याण्णवची सिव्हिक. माझ्या मते त्यानं तिची वाट लावली होती,
त्याच्या मते तिला वाटेला लावलं होतं.
हवेचा मूळ डबा भंगारात,
त्या जागी दंडाएवढा जाड ॲल्युमिनियमचा पाइप
आणि टोकाला लाल फिल्टर,
सर्कशीतल्या विदूषकाच्या टोपीसारखा.

उन्हाळाभर कुरकुर नाही.
नोव्हेंबरात खोकू लागली.
जानेवारीत चौकातला दिवा हिरवा झाला की
ढेकर देऊन बंद पडायची.
मागची पोस्टाची गाडी हॉर्न न वाजवता थांबून राहायची.
आमच्याकडे तसंच असतं.
वाजवला असता तर बरं वाटलं असतं.

प्लग बदलले. बॅटरी बदलली.
एक रबरी नळी बदलली, तिच्यावर माझा उगाचच राग होता.

मग पाइपावर हात फिरवताना बोटाला लागलं
ओबडधोबड पाडलेलं भोक, सिलिकॉननं बुजवलेलं,
आत हवेच्या तापमानाचा सेन्सर, मान मोडलेला.
त्याच्या तारा दुसरीकडेच गेलेल्या.
काळी टेप सोलली. आत एक रेझिस्टर,
तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा:
लाल, जांभळा, लाल.

कागदाच्या गिरणीत एकतीस वर्षं मी वाफेची मापं वाचली.
मला हिशेब लागायला वेळ लागला नाही.
दोन हजार सातशे ओहम.
म्हणजे साधारण अठरा अंश.
म्हणजे गेली तीन वर्षं
ही गाडी समजत होती की बाहेर जूनची संध्याकाळ आहे.
थंड हवा दाट असते, तिला पेट्रोल जास्त लागतं,
आणि ही बिचारी उणे सत्तावीसमध्ये
जूनच्या मापानं घोट घेत होती.

पाल्तामोच्या ओन्नीकडून जुना सेन्सर आणला. आठ युरो,
आणि त्याच्या कुत्र्याबद्दल अर्धा तास ऐकणं.
स्वयंपाकघरात मीटर लावून बघितला.
मुठीत धरला की आकडा उतरतो,
खिडकीबाहेर धरला की चढतो.
उलट्या काळजाचा, पण खरा.
मग तो रेझिस्टर मुठीत धरला.
बराच वेळ धरला.
ढिम्म.

पाइपात नाही बसवला. ॲल्युमिनियम इंजिनाशेजारी तापतं,
तिथे सेन्सर हवेचं नाही, पाइपाचंच गाऱ्हाणं सांगतो.
फिल्टरजवळच्या रबरी कोपरात भोक पाडलं,
रबरी कडी, थोडं साबणाचं पाणी, अंगठ्याचा जोर.
चावी फिरवली.
गाडी थरथरली, आणि मग
नेहमीपेक्षा अंमळ वरच्या सुरात चालू राहिली.
तिला पहिल्यांदा थंडी वाजली होती.

रविवारी फोन केला.
"कसं आहे?"
"ठीक."
मागच्या रविवारीही ठीक. नाताळलाही ठीक.
गोदामातून त्याला काढलं त्या आठवड्यातही ठीक होतं,
ते मला त्याच्या मावशीकडून कळलं.
पुढे तो विचारतो, "तुमचं?"
मी म्हणतो, "ठीक."
मग दोघं हवामानावर येतो.

या वेळी मी म्हणालो,
"तू गेल्यापासून वरच्या खोलीचा हीटर मी बंद ठेवतो.
जिन्यावरून गार हवा खाली येते.
रात्री मी कोट घालून टीव्ही बघतो."

पलीकडे काही नाही.
एक ट्राम गेल्याचा आवाज.
मग तो म्हणाला,
"रेझिस्टर सापडला वाटतं."
"सापडला."
"ड्रिल करताना सेन्सर तुटला होता, बाबा.
तुम्ही ओरडाल म्हणून बोललो नाही."
"ओरडलोच असतो," मी म्हणालो.

तो हसला. मग हसता हसता थांबला,
आणि बोलू लागला, आधी पैशांचं,
मग झोपेचं.
मी मध्ये बोललो नाही.
बाहेर उणे एकोणतीस झालं होतं.

रेझिस्टर फेकला नाही.
कॉफीच्या डब्यात आहे, बिनजोडीच्या स्क्रूंमध्ये.
आजही अठराच सांगत असेल.